बुधवारची हातशिलाई

आमच्या घरात विश्रांती ही चोरून करायची गोष्ट होती. कोणी जरा लवंडलेलं दिसलं की पहिला प्रश्न, "बरं वाटत नाहीये का?" बरं वाटत असतानाही माणूस आडवा होऊ शकतो, हे आमच्या हिला कधी पटलं नाही. मी बसचा ड्रायव्हर होतो. आमच्या नोकरीत ठरावीक वेळ गाडी चालवली की सक्तीने बसवून ठेवायचे, मग तुम्ही कितीही ताजेतवाने असा. ही म्हणायची, "तुमच्या खात्याला काम नकोच असतं." निवृत्त झाल्यावर तर तिच्या लेखी मी घरातलं एक जादा कपाट झालो. चहा करणं, दुकानाचं शटर वर-खाली करणं आणि तयार कपडे घरोघरी पोचवणं, एवढी कामं मला नेमून दिली होती. ती मी निगुतीने करायचो आणि उरलेल्या वेळात बोलणी खायचो.

ही म्हणजे माझी बायको. तिचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं कपडेदुरुस्तीचं दुकान. नवं काही त्या शिवत नसत. सैल कोट घट्ट करणं, आखूड झगा लांब करणं, फाटलेलं अस्तर बदलणं, हा सगळा धंदा. "लोकांची अंगं बदलतात, कपडे बिचारे तेच राहतात," असं ही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. दुकान तळमजल्यावर, दुकानामागे एक खोली, तिथे धाकटी राहायची. वर आम्ही दोघं, आणि आमच्या डोक्यावर गच्ची.

धाकटीला मी टाचणी म्हणायचो, मग हीसुद्धा तेच म्हणायला लागली. अंगाने तशीच, बोलण्यात तशीच, आणि तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. त्या तशाच ओठात ठेवून ती तासन्‌तास गप्पा मारायची आणि एकही कधी गिळली नाही. तिने लग्न केलं नाही. "ताईचं बघितलं, तेवढं पुरे झालं," हे ती मला नीट ऐकू जाईल अशा बेताने सांगायची. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे लाड करायचे तर तिचे आणि भांडायचं तर तिच्याशीच.

मशीनवर दोघी बसत. पण कपड्याचं शेवटचं काम हाताचं असतं. खालची दुमड, हुक, बटणं. दुमडीचे टाके असे घालायचे की बाहेरून काही म्हणता काही दिसता कामा नये. आतून मात्र ज्याचा हात त्याचा हात. जुना कोट उलटा केला की ही बघता बघता सांगायची, हा मी केलाय, हा टाचणीने केलाय, आणि हा कोण्या गाढवाने केलाय. हिचे टाके एका उंचीचे, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे. टाचणीचे किंचित तिरके, आणि मधूनमधून एक उलटा टाका मारलेला, म्हणजे एखादा धागा तुटला तरी तो तिथेच अडावा, सगळी दुमड लोंबू नये. हिला तो उलटा टाका मान्य नव्हता.

"उगाच हात दुखवून घेतेस. एवढ्याची गरज नसते."

"असू दे गं ताई. घातलेला माणूस निर्धास्त राहतो."

आणि दुकानातून बाहेर जाणारा प्रत्येक कपडा ही स्वतः तपासायची. दिव्याखाली धरून, कात्रीच्या टोकाने एकेक टाका. जे बघितलं ते तिच्या डोक्यात राहायचं. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायची, "त्या निळ्या पँटचं तिसरं बटण सैल गेलं." मी म्हणायचो, "जाऊ दे, पँट पडली तर तुझं नाव नाही सांगणार." तरी ही हात धुऊन खाली जायची.

गेल्या वर्षी कापायच्या टेबलापाशी उभ्या उभ्या टाचणी कोसळली. हातात कात्री, अंगावर खडूची पावडर, आणि चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय थकलंय म्हणाले. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "गोळ्यांनी अर्धंच काम होईल. आठवड्यातून एक दुपार तरी पूर्ण मोकळी ठेवा. झोपा, बसा, आभाळाकडे बघा, काही करू नका. शरीराला कळलं पाहिजे की आता आपल्याकडे कोणी काही मागत नाहीये."

टाचणी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच म्हणाली, "डॉक्टरांना दुकान नाही ना, म्हणून सुचतं असलं."

मग हिने सगळे उपाय करून पाहिले. रागावून झालं, रडून झालं. एकदा तर तिच्या मशीनचा पट्टा काढून लपवून ठेवला. टाचणीने तो दिवस हातशिलाई करून काढला. शेवटी एका संध्याकाळी ही स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली, दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ती स्वतःसाठी कधी बसायची नाही. माझ्यासाठी बसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून मला चक्कर येते."

आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाने पहिलं खोटं किती बारकाईने रचावं! चक्कर कधी यायची, कशाला धरून उभं राहायचं, मी कोणत्या वेळी काळजीने बघायचं, सगळं तिने ठरवलं होतं. मला एकच वाक्य दिलं होतं आणि तेही मी अडखळत म्हटलं. तरी नाटक रंगलं. टाचणीने ओठातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या ती फक्त गंभीर प्रसंगीच काढायची.

"डॉक्टर काय म्हणाले, ताई?"

"तेच, तुला म्हणाले तेच. आठवड्यातून एक दुपार मोकळी. पण एकटी बसून मला वेड लागेल. तू सोबत बसशील तरच मी बसेन."

"मग बसू या की. त्यात काय एवढं!"

इतक्या सहज हो म्हणाली. रात्री ही मला म्हणाली, "बघा, कशी फसवली." मला वाटतं त्या रात्री ही झोपेतसुद्धा हसत होती.

बुधवार ठरला. एरवी त्या दुपारी सगळी हातशिलाई व्हायची, कारण गुरुवारी बरेचसे कपडे न्यायला लोक यायचे. ती कोणी करायची, हा प्रश्न होता. बेकरीच्या मागच्या गल्लीत एक चष्मेवाली बाई राहायची. पूर्वी कपड्यांच्या मोठ्या दुकानात कामाला होती, आणि तिच्या हाताला आमची हीसुद्धा नाव ठेवत नसे. टाचणी म्हणाली, "मी बोलते तिच्याशी. मंगळवारी संध्याकाळी गाठोडं नेऊन देईन, बुधवारी सकाळी घेऊन येईन. पण ताई, माझी एक अट आहे. बुधवारच्या गाठोड्यातलं काही तू तपासायचं नाही. तपासलंस की ते तुझ्या डोक्यात बसणार, आणि मग गच्चीवर बसून तू बटणंच मोजणार. तुला चक्कर येते ना? मग डोकं रिकामं ठेवायचं."

ही माझ्याकडे बघायला लागली. स्वतःच्याच खोट्यात पाय अडकला होता. तिने मान डोलावली. आणि एकदा शब्द दिला म्हणजे दिला. त्यानंतर बुधवारी सकाळी पिशव्यांत घालून टांगलेल्या त्या कपड्यांवरून तिने कधी हात फिरवला नाही. मला ठाऊक आहे, तिला किती जड जायचं ते. ती त्यांच्या समोरून जाताना मान वळवून चालायची.

गच्चीवर मी आरामखुर्च्या टाकल्या आणि डोक्यावर एक जुनी चादर बांधून सावली केली. पहिल्या बुधवारी हिने बसण्याआधी गच्ची झाडली. मग खुर्च्या पुसल्या. मग खुर्च्या सरळ रेषेत लावल्या. मग बसली आणि लगेच उठून नळ टपकतोय का बघून आली. मी म्हटलं, "अगं, रिकामं बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. माझ्याकडून शीक, माझा अनुभव दांडगा आहे." टाचणी म्हणाली, "भाऊजी, तुमचा वर्ग लावायचा का आम्ही?" आणि हे म्हणता म्हणता तिचे डोळे मिटले. बोलता बोलता माणूस विझावा तशी झोपली.

तेव्हापासून दर बुधवारी तसंच. टाचणी खुर्चीत टेकायची, माझी एखादी खोडी काढायची, आणि पाच मिनिटांत गाढ. तोंड उघडं, एक हात खुर्चीबाहेर लोंबणारा. ही माझ्याकडे बघून खुणेने सांगायची, बघा, शरीराला हवीच होती झोप. हिच्या तोंडावर असा आनंद मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. स्वतः मात्र डोळ्याला डोळा लावायची नाही. कठड्यावर कबुतर बसलं की हात हलवून हाकलायची. खाली पोरं ओरडली की वाकून, ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावायची. कोणी शटर ठोकलं तर मला पिटाळायची. ऊन सरकलं की चादर सरकवायची. तिची विश्रांती म्हणजे हा पहारा होता, आणि त्यातच ती सुखात होती.

बुधवारी सकाळी मी टाचणीची खोडी काढायचो. "काय गं, डोळे एवढे लाल? रात्री कुठे उंडारलीस?"

"झोप जास्त झाली, भाऊजी. तुम्हाला नाही कळायचं. तुमचे बारा महिने तसेच असतात."

बुधवार छान चालले होते. टाचणी वाळत चालली आहे असं मला एकदा-दोनदा वाटलं. पण ही म्हणाली, औषधांमुळे होतं तसं, आणि बुधवार आहेच की.

त्या बुधवारी चांगला वारा होता. टाचणी टेकली आणि मला म्हणाली, "भाऊजी, आज चहा जरा उशिरा केलात तरी चालेल." मी म्हटलं, "उशिरा करायला मला सांगावं लागत नाही." ती हसली आणि झोपली. ऊन उतरलं. मी चहा करू का विचारलं, तर हिने ओठांवर बोट ठेवलं. "झोपू दे. आज किती शांत झोपलीये बघा." आणखी वेळ गेला. चहा करायला मी खाली गेलो, वर आलो, तो कपात निवून गेला. अंधारून आलं तेव्हा अंगावर शाल घालावी म्हणून ही उठली. शाल घालताना तिचा हात टाचणीच्या गालाला लागला.

पुढचं काही मला लिहिता यायचं नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारी हिने कबुतरांना फार हाकललं होतं.

लोक भेटायला आले. डॉक्टरही येऊन गेले. सगळे एकच म्हणायचे, किती शांतपणे गेली, झोपेत गेली. ही मान डोलवायची आणि प्रत्येकाला तेच उत्तर द्यायची, "निदान बुधवार तरी मिळाले तिला. तेवढं तरी मी तिला देऊ शकले." रडून रडून आवाज बसला होता, पण हे वाक्य म्हणताना आवाज स्थिर व्हायचा. त्या वाक्याच्या आधाराने ती उठत होती, चार घास खात होती, मशीनवर बसत होती. मी मनात म्हणायचो, वाक्य तर वाक्य, हिला उभं तर ठेवतंय ना.

दुकान एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. हातशिलाई साचायला लागली. मी म्हटलं, चष्मेवालीकडे मी जाऊन येतो, तिला जास्त काम देऊ. ही म्हणाली, "जा. आणि तिचे आभारही माना. तिच्यामुळे टाचणीला बसता आलं."

चष्मेवाली दारातच भेटली. मी टाचणी गेल्याचं सांगितलं. तिला कळलं होतं, डोळे पुसत तिने मला आत बसवलं. मी आभार मानले आणि कामाचं बोललो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कसलं काम? मी तुमचं काम कधी केलंच नाही. आली होती ती, एकदाच. गाठोडं घेऊन. मी म्हटलं, बाई गं, माझे हात बघ." तिने हात पुढे केले. ते थरथरत होते, थांबतच नव्हते. "कधीपासूनचे असे आहेत. सुई धरवत नाही. बराच वेळ माझे हात हातात घेऊन बसली होती. मग जाताना म्हणाली, ताईला सांगू नका हं. तिला कळलं की ती बुधवारी बसायची नाही. तिला चक्कर येते, डॉक्टरांनी सांगितलंय. मी करीन पहाटे उठून." तिने हात पदरात गुंडाळून पोटाशी धरले. "फार जपायची हो ताईला. आता बरी आहे का ताईची चक्कर?"

मी बरी आहे म्हटलं. तिच्या दारातून निघालो, पण बेकरीपर्यंत पोचलो नाही. एका पायरीवर बसून राहिलो. मंगळवारी संध्याकाळी टाचणी गाठोडं घेऊन पुढच्या दाराने निघायची, ते मी पाहिलेलं होतं. मागच्या दाराने ते आत यायचं, ते कोणी पाहिलं नव्हतं. आणि पहाटे तिच्या खोलीत दिवा लागायचा, ते वर झोपलेल्या आम्हाला कुठून कळणार? मी तर ढाराढूर झोपणारा. मशीन लावलं असतं तर आवाजाने ही जागी झाली असती. हातशिलाईला आवाज नसतो.

घरी येऊन मी खोटं सांगितलं. म्हटलं, चष्मेवाली लेकीकडे राहायला गेली. ही म्हणाली, "अगं बाई! आभार मानायचे राहिले." आणि थोड्या वेळाने, कोट दुमडता दुमडता, स्वतःशीच बोलल्यासारखी, "निदान बुधवार तरी मिळाले तिला."

मी तोंड फिरवून चहा ठेवला.

त्या दिवसापासून मला प्रत्येक गिऱ्हाइकाची धास्ती वाटायला लागली. बुधवारच्या गाठोड्यातले कपडे गावभर लोकांच्या कपाटांत लटकत होते. त्यातला एखादा परत दुकानात आला आणि हिने तो उलटा केला की संपलं. उभ्या जन्मात तिने एकही टाका ओळखायला चूक केली नव्हती. मी काउंटरवर ठाण मांडून बसायला लागलो. कोणी दुमड उसवायला आलं की मी विचारायचो, याआधी इथेच केलं होतं का? हो म्हटलं की सांगायचो, फार काम आहे हो, दुसरीकडे बघा. ही आतून विचारायची, "कोण होतं?" मी म्हणायचो, पत्ता विचारत होते. आयुष्यभर बस चालवली, पण इतकं डोळ्यांत तेल घालून कधी चालवली नव्हती.

एके दिवशी मी कपडे पोचवायला गेलो आणि परत आलो तेव्हा टेबलावर एक छोटा गडद हिरवा कोट पडला होता, अस्तराची बाजू वर. संगीत शिकवणाऱ्या बाईंच्या मुलीचा. गेल्या वर्षी तो तिला लांब होता म्हणून आखूड केला होता. पोरगी वाढली, आता पुन्हा लांब करायचा होता. ही स्टुलावर बसली होती. हात मांडीवर. बोट कशालाही लावत नव्हती.

"गुरुवारी नेला होता हा," ती म्हणाली. "बाई मुलीला घेऊन आल्या होत्या, तिने इथेच घालून पाहिला. म्हणजे बुधवारच्या गाठोड्यातला."

"असेल," मी म्हटलं.

"चष्मेवाली उलटा टाका मारत नाही."

मी रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. हिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझा चेहरा तिला टाक्यांपेक्षा जास्त पाठ होता.

"तुम्हाला माहीत होतं."

मग मी सगळं सांगितलं. थरथरणारे हात, गाठोडं, पहाट, सगळं. ताईची चक्कर बरी आहे का, हे विचारल्याचंही सांगितलं. ते गाळायला हवं होतं कदाचित, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता आलं नाही. ही ऐकत होती आणि कोटाच्या बाहीची घडी सरळ करत होती.

"म्हणून झोपायची ती," ती म्हणाली. "पाच मिनिटांत. आणि मी तुम्हाला खुणा करायचे, बघा म्हणून."

"अगं, ते डॉक्टर म्हणालेच होते की हृदय..."

"मला चक्कर येत नव्हती हो," ती एकदम मोठ्याने म्हणाली. मला नाही, त्या कोटाला सांगत असल्यासारखी. "टाचणे, मला काहीच होत नव्हतं गं. तुझ्यासाठी होतं ते सगळं. तू झोपायचंस पहाटे. झोपायचंस तू."

आणि कोट तोंडाशी धरून ती अशी रडली की मी शटर खाली ओढलं. टाचणीच्या मरणाच्या दिवशीसुद्धा ही अशी रडली नव्हती. त्या दिवशी तिच्यापाशी ते वाक्य होतं. आता काही नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो.

कोट मात्र द्यायचाच होता. संध्याकाळी तिने दिवा जवळ ओढला आणि टाके उसवायला बसली. मी म्हटलं, परत करू या, सांगू की कापड उरलं नाही. ती म्हणाली, "कापड आहे. पोरीने थंडीत काय घालायचं?" तिरके टाके भराभर निघत होते. उलटा टाका आला की हात अडायचा, तो वेगळा कापावा लागायचा. टाचणीने तो सुटू नये म्हणूनच मारला होता. सगळी दुमड उसवून झाली तेव्हा टेबलावर धाग्यांचे तुकडे पडले होते. एरवी ती एका फुंकरीने उडवून देते. आज तिने ते तळहातावर गोळा केले, कुठे ठेवावेत हे तिला सुचेना, शेवटी खिशात घातले.

त्या बुधवारी ती गच्चीवर आली, पण बसली नाही. मी म्हटलं, "आज तू झोप. मी पहारा देतो. कबुतरांचं मी बघतो."

ती म्हणाली, "मला कुठली झोप? मी पहाटे उठून काम थोडंच केलंय."

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मी पाहिलं, तिने हातशिलाईचे कपडे जुन्या चादरीत घातले आणि गाठ मारली. मी काही विचारलं नाही. बुधवारी पहाटे मला जाग आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कोणी न उठवता. शेजारची जागा रिकामी होती. मी खाली गेलो. टाचणीच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता.

ही टाचणीच्या पलंगावर बसली होती, गाठोडं सोडलेलं, मांडीवर कोणाची तरी पँट. ओठांत टाचण्या. हिला तशी सवय नव्हती कधी.

"जा, झोपा तुम्ही," ती टाचण्यांआडून म्हणाली.

मी पायथ्याशी बसलो. मला शिवता येत नाही. पण सुईत दोरा ओवता येतो, चष्मा लावला की. एकेक सुई ओवून मी पलंगावर ओळीने टोचून ठेवत गेलो. ती एक संपली की दुसरी उचलायची. मी वाकून पाहिलं, टाके तिचेच होते, एका उंचीचे, रांगेतले. आणि मधूनमधून एक उलटा टाका.

उजाडलं तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. मला टाचणीची थट्टा आठवली आणि मी खिडकी उघडायच्या निमित्ताने उठलो.

दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. ती स्वतःच्या खुर्चीत नाही, टाचणीच्या खुर्चीत बसली. मला म्हणाली, "चहा उशिरा करा." आणि पाच मिनिटांत झोपली. तोंड उघडं, एक हात खुर्चीबाहेर.

थोड्या वेळाने कठड्यावर कबुतरं आली. सवयीने माझा हात वर गेला आणि मी तो खाली घेतला. घुमू देत. खाली पोरं ओरडत होती, त्यांनाही ओरडू दिलं. मला आवाज हवा होता. तिची पापणी हलली की मला बरं वाटायचं. मग कबुतरं उडाली, पोरं पांगली आणि फार शांत झालं. मी पुढे वाकलो, तिच्या छातीकडे बघत राहिलो. चादरीची सावली वाऱ्याने हलत होती, त्यामुळे नीट कळेना. मी खांद्याला धरून तिला जोरात हलवलं.

ती दचकून जागी झाली. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "झोप तू."